कच्च्या वहीतली इंग्रजी

मुलांनो, आपल्या गावाचे नाव खर्डा. मराठीत याच शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत. एक तुम्हां सर्वांच्या ओळखीचा: हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर रगडून केलेला, भाकरीबरोबर खायचा झणझणीत खर्डा. दुसरा अर्थ कागदावरचा. अर्ज, पत्र किंवा ग्रामसभेचा ठराव पक्का लिहिण्यापूर्वी जो कच्चा मजकूर लिहून पाहतात, त्यालाही खर्डाच म्हणतात. गावाचे नाव त्यावरून पडले असे मुळीच नाही. पण इंग्रजी शिकायची असेल तर हा कागदावरचा खर्डा फार कामाचा आहे, तो कसा ते या लेखात सांगायचे आहे.

खर्ड्यात खाडाखोड चालते. खाडाखोड झाली म्हणून कुणी रागावत नाही. आता आपल्या वर्गात काय होते ते पाहा. मराठीच्या तासाला पोपटासारखी बोलणारी मुले इंग्रजीच्या तासाला खाली मान घालून बसतात. उत्तर येत नसते असे नाही. चुकलो तर सगळे हसतील, ही भीती असते. इंग्रजीची पहिली अडचण स्पेलिंग नव्हे, व्याकरणही नव्हे. ही भीती आहे. आणि भीती घालवायला खेळासारखे औषध नाही. खेळात चूक झाली तर फक्त डाव जातो, अब्रू जात नाही!

दुसरी अडचण हिशेबाची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात. त्याआधी ती पाचवीपासून असे. वर्षे वाढली हे खरे, पण घरी, शेतात, बाजारात आपल्याशी इंग्रजी कोण बोलणार? म्हणजे काय ते बोलणे त्या एका तासातच. समजा, तास ३५ मिनिटांचा आहे आणि वर्गात ४० मुले आहेत. गुरुजींनी वा बाईंनी एकेकाला उभे करून विचारले, तर एका मुलाच्या वाट्याला ५२ सेकंद येतात. त्यातही हजेरी आणि फळ्यावरचे लिहिणे जाते ते वेगळेच. आता याच वर्गाच्या २० जोड्या करा आणि १५ मिनिटे खेळ लावा. सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलतील आणि प्रत्येकाला सात मिनिटे तरी बोलायला मिळेल. कुठे ५२ सेकंद आणि कुठे सात मिनिटे! शिवाय शेवटच्या बाकावरचा मुलगाही सुटत नाही, कारण तो बोलल्याशिवाय समोरच्याचा डाव पुढे सरकतच नाही.

या खेळांना लागते काय? एक कच्ची वही आणि एक पेन्सिल. पाठकोरे कागद असले तरी चालतील. मोबाइल नको, वीज नको, वर्गणी नको. खाली सहा खेळ दिले आहेत. अक्षरांची नावे आणि शब्द इथे मराठीत लिहिले आहेत; वहीत मात्र इंग्रजी अक्षरे काढायची, बरं का!

१. किल्ला वाचवा

आपल्या गावचा भुईकोट किल्ला तुम्ही पाहिलेलाच आहे. वहीत त्याची भिंत काढा, तिच्यात सात दगड दाखवा आणि वर एक झेंडा काढा. एकाने मनात एक इंग्रजी शब्द धरायचा आणि जितकी अक्षरे तितक्या रेघा ओढायच्या. दुसऱ्याने एकेक अक्षर विचारायचे. अक्षर बरोबर निघाले की ते त्याच्या रेघेवर लिहायचे, चुकले की किल्ल्याचा एक दगड खोडायचा. सात दगड जाण्यापूर्वी शब्द ओळखला तर किल्ला वाचला.

विचारताना नुसते ‘ई आहे का?’ म्हणायचे नाही. ‘इज देअर ॲन ई?’ असे विचारायचे. उत्तर ‘येस, देअर इज’ किंवा ‘नो, देअर इज नॉट’. यातूनच ‘अ’ आणि ‘ॲन’ यांचे कोडे सुटते. अक्षराचे नाव उच्चारताना सुरुवातीला स्वर ऐकू आला तर ‘ॲन’ लावायचे. म्हणून ‘ॲन ई’, ‘ॲन एम’, ‘ॲन एस’. पण ‘अ बी’, ‘अ टी’. यू हे अक्षर स्वर आहे खरे, पण त्याचे नाव ‘य’ या आवाजाने सुरू होते, म्हणून ‘अ यू’. नियम डोळ्यांचा नाही, कानाचा आहे.

आणखी एक युक्ती. आधी स्वर विचारा: ए, ई, आय, ओ, यू. यांपैकी एकही नाही असा इंग्रजी शब्द क्वचितच सापडतो. सापडला तर त्यात बहुधा वाय असतो, जसे स्काय, फ्लाय, माय. पाच स्वरांतही ई सर्वांत जास्त वेळा येतो. पूर्वी तारेने संदेश जात, तेव्हा प्रत्येक अक्षराला टिंबांची आणि रेघांची खूण होती. मोर्सच्या त्या लिपीत ई या अक्षराला फक्त एक टिंब आणि टी या अक्षराला फक्त एक रेघ आहे. जास्त लागणाऱ्या अक्षरांना छोट्या खुणा दिल्या म्हणजे हाताचे श्रम वाचतात. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती युक्ती आपल्या खेळात अजून उपयोगी पडते.

२. शब्दशिडी

एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जायचे. दर पायरीला एकच अक्षर बदलायचे आणि प्रत्येक पायरीवर खरा, अर्थ असलेला शब्द हवा. मांजराचा कुत्रा करून पाहू:

सी-ए-टी (कॅट, मांजर)
सी-ओ-टी (कॉट, खाट)
डी-ओ-टी (डॉट, टिंब)
डी-ओ-जी (डॉग, कुत्रा)

झाला की नाही तीन उड्यांत कुत्रा? हा खेळ लुईस कॅरोल या इंग्रज लेखकाने १८७७ साली नाताळात, करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी शोधून काढला. ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे प्रसिद्ध पुस्तक त्याचेच. तो ऑक्सफर्डला गणित शिकवत असे. गणितवाल्याला शब्दांत गंमत वाटली, तर आपल्याला वाटायला काय हरकत आहे?

या खेळात एका अक्षराची किंमत कळते. एम-ए-एन म्हणजे मॅन, माणूस. पहिले अक्षर बदलून आर केले की रॅन, म्हणजे पळाला. मधले बदलून यू केले की रन, म्हणजे पळ. पायरी चढताना शब्द मोठ्याने म्हणायचा आणि त्याचा मराठी अर्थ सांगायचा. अर्थ सांगता आला नाही तर पायरी बाद.

३. नाव, गाव, प्राणी, वस्तू

मराठीत ‘नाव, गाव, फळ, फूल’ आपण सगळेच खेळतो. तोच खेळ इंग्रजी अक्षरांनी खेळायचा. कागदावर चार रकाने पाडा: नेम, प्लेस, ॲनिमल, थिंग. एकाने मनातल्या मनात ए, बी, सी म्हणत जायचे, दुसऱ्याने ‘स्टॉप’ म्हणायचे. जे अक्षर येईल त्याने सुरू होणारे चार शब्द दोन मिनिटांत लिहायचे. वेगळा शब्द असेल तर १० गुण, दोघांचा तोच असेल तर ५.

के आला असे धरा. नावात कमल, किशोर. गावात खर्डा आणि कर्जत. एच आला तर हळगाव, जे आला तर जामखेड. सी आला तर चौंडी, म्हणजे अहिल्यादेवी होळकरांचे जन्मगाव, आपल्याच तालुक्यातले. आपल्या गावांची नावे इंग्रजीत लिहिता येणे पुढे अर्ज भरताना, पत्ता लिहिताना आणि एसटीची पाटी वाचताना कामी येते.

के वरून प्राणी शोधताना पुष्कळ जण ‘कॅमल’ लिहितात. आवाज ‘क’ चाच आहे, पण कॅमल सी ने सुरू होतो. इथे एक खूण लक्षात ठेवा. शब्दाच्या सुरुवातीला ‘क’ असेल आणि पुढे ए, ओ किंवा यू असेल तर बहुधा सी लिहितात: कॅट, काऊ, कप. पुढे ई किंवा आय असेल तर के लिहितात: की म्हणजे किल्ली, किड, काइट. किड म्हणजे बकरीचे करडू, आणि बोलताना लहान मुलालाही किड म्हणतात. काइट म्हणजे पतंग, आणि आकाशात घिरट्या घालणारी घारसुद्धा! एकाच शब्दाला प्राण्यात १० आणि वस्तूत १० गुण. कांगारूसारखे काही शब्द या खुणेला जुमानत नाहीत, ते पाठच करायचे.

पाचवा रकाना रंगांचा केला तर के वरून काय लिहाल? खाकी! हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच नेला. तो मुळात फारसी-उर्दूतला, अर्थ मातीच्या रंगाचा. म्हणजे इंग्रजीत आपल्या ओळखीची माणसेही आहेत तर.

४. तोफा शोधा

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ मराठे आणि हैदराबादचा निजाम यांची मोठी लढाई झाली. पेशवे सवाई माधवराव होते, कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता आणि मराठी फौजेचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन होते. निजामाने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि शेवटी त्याला तह करावा लागला. आपण ही लढाई वहीत खेळू, पण दारूगोळा इंग्रजी अक्षरांचा!

दोघांनीही आपापल्या वहीत पाच बाय पाच असे २५ चौकोन आखायचे. उभ्या बाजूला १ ते ५ आकडे. आडव्या बाजूला ए, ई, आय, जी, जे ही अक्षरे. ओळीने ए, बी, सी, डी, ई का नाही? कारण आपली गडबड याच अक्षरांत होते. ए, ई आणि आय यांची नावे आणि जी व जे यांची नावे आपण सारखी उलटसुलट करतो. जिथे खड्डा असतो तिथेच माती टाकावी लागते.

प्रत्येकाने आपल्या कोणत्याही पाच चौकोनांत पाच तोफा लपवायच्या. एकमेकांना वही दाखवायची नाही. मग पाळीपाळीने विचारायचे: ‘इज देअर अ गन इन जी फोर?’ असेल तर ‘येस, देअर इज’, नसेल तर ‘नो, देअर इज नॉट’. आधी ज्याला समोरच्याच्या पाचही तोफा सापडतील तो जिंकला. अक्षर चुकीचे म्हटले की गोळा भलत्याच चौकोनात पडतो. गुरुजींनी चूक दाखवायची गरजच राहत नाही, खेळच ती दाखवतो. दुसऱ्या दिवशी लहान लिपीतली बी, डी, पी, क्यू ही अक्षरे घ्या. पोट कुठल्या बाजूला आणि काठी वर की खाली, हा घोळ दोन-चार डावांत मिटू लागतो.

५. मोठ्या शब्दाच्या पोटात

फळ्यावर एक मोठा शब्द लिहायचा आणि त्याच्याच अक्षरांतून छोटे शब्द काढायचे. टी-ई-ए-सी-एच-ई-आर, म्हणजे टीचर. यात काय काय दडले आहे पाहा: टी (चहा), ईट (खाणे), इअर (कान), हॅट, रॅट, कॅट, कार, कार्ट (गाडी), ट्री (झाड), थ्री (तीन), ईच (प्रत्येक), रीच (पोचणे) आणि खुद्द टीच (शिकवणे). शोधाल तर आणखी निघतील.

यात एक मौज आहे. एच-ई-ए-आर म्हणजे ऐकणे आणि एच-ई-आर-ई म्हणजे इथे. दोन्ही शब्द याच सात अक्षरांतून निघतात आणि दोन्हींचा उच्चार ‘हिअर’. ऐकण्याच्या शब्दात ई-ए-आर, म्हणजे कान, लपलेला आहे, एवढे लक्षात ठेवले की घोटाळा होत नाही.

६. घडीचे वाक्य

सहांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा खेळ, कारण यात शब्दाचे वाक्य होते. चौघांचा गट करा. कागदाच्या चार आडव्या घड्या. पहिल्याने वरच्या घडीवर ‘कोण’ ते लिहायचे आणि घडी दुमडून कागद पुढे द्यायचा. दुसऱ्याने न पाहता ‘काय करतो’ ते लिहायचे. तिसऱ्याने ‘कशाला’ आणि चौथ्याने ‘कुठे’. मग कागद उलगडून मोठ्याने वाचायचा.

‘द बुल, रीड्स, अ बुक, ऑन द ट्री.’ म्हणजे बैल झाडावर पुस्तक वाचतो! ‘माय ग्रँडमदर, ड्राइव्ज, अ मँगो, इन द वेल.’ आजी विहिरीत आंबा चालवते! हसू आवरत नाही. पण हसता हसता काय झाले ते पाहा. मराठीत आपण म्हणतो, ‘आजी शेतात भाकरी खाते.’ क्रियापद शेवटी. इंग्रजीत तेच वाक्य ‘आजी खाते भाकरी शेतात’ या क्रमाने जाते. क्रियापद कर्त्याच्या लगेच मागोमाग येते आणि ‘कुठे’ हे शेवटी. हा उलटा क्रम नियम म्हणून पाठ केला तर दोन दिवसांत विसरतो. घडी घालून हाताने केला की हातात बसतो. कर्ता एकटा असेल, म्हणजे बैल, आजी, राजू असा, तर क्रियापदाला शेवटी एस लावायचा: रीड्स, ईट्स. ही जबाबदारी दुसऱ्या घडीवाल्याची. वाक्य वेडे असले तरी चालेल, क्रम शहाणा हवा.

खेळाचे चार नियम

पहिला, खेळात जेवढे ठरवून दिले तेवढे इंग्रजीत बोलायचेच. भांडण मराठीत केले तरी चालेल! दुसरा, समोरच्याच्या चुकीला हसायचे नाही. वेड्या वाक्याला मात्र सगळ्यांनी मिळून हसावे. तिसरा, नेहमी हुशार-हुशार जोडी नको. एक दिवस तिसरीतल्याबरोबर पाचवीतला बसवावा. धाकटा शिकतो आणि थोरल्याचे पक्के होते. चौथा, खेळ संपला की पाच मिनिटे राखून ठेवायची. आज भेटलेले नवे पाच शब्द शुद्ध स्पेलिंगसह पक्क्या वहीत लिहायचे आणि गुरुजींना वा बाईंना दाखवायचे. हे केले नाही तर खर्डा खर्डाच राहतो. खेळ म्हणजे सगळी इंग्रजी नव्हे. धडा वाचणे, कविता म्हणणे, नीट उच्चार ऐकणे हे सर्व लागतेच. खेळ त्याची भूक लावतो.

‘शाळेत खेळ कसले? अभ्यास घ्या,’ असे काही पालकांना वाटते. त्यांनी एक जुनी गोष्ट आठवावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून खडे, बिया, पाने, शिंपले हीच त्यांनी शिकण्याची साधने केली. खेडेगावातले मूल खेळातून शिकते हे त्यांनी करून दाखवले. आपली कच्ची वही त्याच जातीची आहे.

शेवटी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. दिवाळी झाली की आपल्या भागातल्या कित्येक घरांतली माणसे ऊसतोडणीला कारखान्यांवर जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर कोपीवर जातात. चार-पाच महिने फळा दिसत नाही. परत आल्यावर इतर विषयांत कसेबसे गाठता येते, पण इंग्रजी मागे पडते ती पडतेच, आणि मग शाळाच नको वाटू लागते. जाणाऱ्या मित्राच्या पिशवीत एक कच्ची वही घाला आणि पहिल्या पानावर या सहा खेळांची नावे लिहून द्या. वही भरली तर जमिनीवर काडीने चौकोन आखता येतात. धाकटी बहीण असेल तर तिलाच गडी करून घ्यायचे. रोज एक शिडी आणि एक डाव, एवढे झाले तरी परत आल्यावर ए, ई, आय अनोळखी वाटणार नाहीत. वर्गातल्यांनीही त्याच्यासाठी दर आठवड्याला एक कोडे राखून ठेवावे. तो आल्यावर आधी त्याला खेळायला बसवावे, मग धडा विचारावा.

आता तुमच्यासाठी तीन कोडी.

एक: एच-ई-एन म्हणजे कोंबडी. शब्दशिडीने तिचे मांजर, सी-ए-टी, करा. चार उड्यांत होते.

दोन: एफ-ए-टी-एच-ई-आर म्हणजे वडील. यातली पाच अक्षरे घेऊन ‘पृथ्वी’ आणि तीच पाच अक्षरे फिरवून ‘हृदय’, असे दोन इंग्रजी शब्द होतात. कोणते?

तीन: एम-ओ-टी-एच-ई-आर म्हणजे आई. यात चार अक्षरांचे ‘घर’ दडले आहे. शोधा!

उत्तरे नावासह कागदावर लिहून आपल्या वर्गशिक्षकांकडे द्या. खाडाखोड असलेला कागद बिनदिक्कत द्यावा. बरोबर उत्तरे भित्तिपत्रकाच्या पुढच्या अंकात लावू.